जुन्या नोंदीतला पक्षी आजच्या यादीत घ्यावा का?

आपला प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. आपण तापीकाठच्या आपल्या तालुक्यातील पक्ष्यांची यादी तयार करत आहात. १८८० च्या सुमारास एका इंग्रज अधिकाऱ्याने केलेल्या यादीत एका पक्ष्याचे नाव येते. त्याच पक्ष्याचा एक नमुना परदेशातील संग्रहालयाच्या संगणकीय नोंदीतही दिसतो, मात्र त्यावर ठिकाण म्हणून केवळ ‘खानदेश’ एवढेच लिहिलेले आहे. गेल्या पन्नास वर्षांत तो पक्षी आपल्याकडे कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही. आपले एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की त्या काळचे निसर्गनिरीक्षक फार काटेकोर होते, तेव्हा नोंद घ्यायलाच हवी. दुसरे म्हणतात की त्यांच्यातले काही जण चक्क लबाड निघाले, तेव्हा अशा नोंदी सरसकट वगळाव्यात. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

जुन्या याद्या, नमुन्यांच्या चिठ्ठ्या आणि संग्रहालयांच्या नोंदवह्या एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि आपल्या दोन्ही सहकाऱ्यांची मते मी अनेक बैठकांत अनेकांच्या तोंडून ऐकली आहेत. माझ्या मते दोघांचीही चूक एकच आहे. दोघेही नोंद बाजूला ठेवून नोंद करणाऱ्याची परीक्षा घेत आहेत. एकच माणूस एक नोंद नेमकी आणि दुसरी ढिसाळ करू शकतो, आणि एखाद्या अप्रामाणिक माणसाच्या हजारो नमुन्यांतही कित्येक नमुने अस्सल असतात. त्यामुळे प्रत्येक नोंद तिच्याजवळ असलेल्या पुराव्यावर तोलावी लागते. आपण पक्ष्याचे नाव दिलेले नाही, आणि ही एक अडचण आहे, कारण तो पक्षी सहज ओळखू येणारा आहे की दुसऱ्या जातीशी हमखास घोटाळा होणारा आहे, यावर माझे उत्तर बरेचसे अवलंबून राहील. परंतु विचार कोणत्या वाटेने करावा हे सांगता येईल, आणि त्यासाठी आपल्याच भागातला एक पक्षी घेतो, कारण त्याच्या इतिहासात आपल्या दोन्ही सहकाऱ्यांचे म्हणणे एकाच वेळी खरे ठरले आहे.

तो पक्षी म्हणजे रानपिंगळा. डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात एक घुबडवर्गीय पक्षी मारला आणि तो ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवला. हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्या सर्वांना ठाऊक झाले, पण पक्षी-अभ्यासात त्यांचे काम त्याहून जुने आहे. त्यांनी १८७३ साली ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्याच नियतकालिकात या पक्ष्याचे वर्णन करून ब्लेविट यांच्या नावावरून त्याला हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी हे नाव दिले. १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला आजच्या ओडिशातील खरियार भागात दुसरा पक्षी मिळाला. त्यानंतर १८८० ते १८८४ या काळात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, शहादा-तळोदा भागात, आणखी काही नमुने मिळवले. जगभरातील संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे जेमतेम सात नमुने होते, आणि १८८४ नंतर विश्वसनीय म्हणावी अशी नोंद जवळजवळ नव्हतीच.

अपवाद एकच होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ हे साल आणि तापीकाठचे गुजरातमधील मांडवी हे ठिकाण होते. माइनर्ट्झहागेन हे सैनिक आणि हेर म्हणून गाजलेले गृहस्थ. त्यांनी १९५४ मध्ये सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह लंडनच्या संग्रहालयाला दिला, आणि त्या काळी तो जगातील उत्तम खासगी संग्रहांपैकी एक मानला जात असे. साहजिकच रानपिंगळ्याची सर्वांत अलीकडची नोंद म्हणून मांडवीचे नाव ग्रंथांत रुजले. पक्षी शोधायचा तर जिथे तो शेवटचा मिळाला तिथे जायचे, हा विचार अगदी सरळ आहे, आणि म्हणूनच एक खोटी चिठ्ठी किती नुकसान करू शकते हे या उदाहरणात स्पष्ट दिसते.

माइनर्ट्झहागेन यांच्या नमुन्यांविषयी कुजबूज जुनीच होती. १९९३ साली ॲलन नॉक्स यांनी त्यांच्या संग्रहातील काही छोट्या फिंच पक्ष्यांच्या नमुन्यांवर संशोधन प्रसिद्ध केले आणि ती कुजबूज पुराव्यापर्यंत नेली. त्यानंतर स्मिथसोनियन संस्थेतील पामेला रासमुसेन आणि निगेल कॉलर यांनी रानपिंगळ्याचा तो १९१४ चा नमुना तपासला. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांची पद्धत फार मोलाची आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

पक्ष्याची कातडी सोलून, आत कापूस किंवा ताग भरून, पोटावर टाके घालून नमुना तयार करतात. हे काम हाताचे असल्याने प्रत्येकाची एक लकब असते. टाके किती अंतरावर घातले, मान किती ताणली, पंख अंगाशी कसे बसवले, पायाच्या हाडाभोवती काय गुंडाळले, आत काय आणि किती भरले, हे सगळे एखाद्याच्या हस्ताक्षरासारखे असते. मी स्वतः जुने नमुने हाताळताना पुष्कळदा चिठ्ठी झाकून आधी नमुना पाहतो आणि तो कोणी तयार केला असेल याचा अंदाज बांधतो. एकाच माणसाचे वीस-तीस नमुने सलग पाहिले की अंदाज चुकण्याचे प्रमाण खूपच कमी होते. रानपिंगळ्याच्या त्या नमुन्यात दोन हातांच्या खुणा होत्या. क्ष-किरण चित्रांतून आणि बारकाईने केलेल्या तपासणीतून दिसले की तो नमुना एकदा तयार झाल्यावर पुन्हा उसवून, आतले भरण काढून, नव्याने भरलेला आहे, आणि मूळची धाटणी डेव्हिडसन यांच्या इतर नमुन्यांशी जुळते. आतल्या धाग्यांची तुलना तर अमेरिकेतील एफबीआयच्या प्रयोगशाळेतही करून घेण्यात आली. निष्कर्ष असा निघाला की डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला नमुना संग्रहालयातून चोरला गेला, त्याचे रूप बदलण्यात आले आणि त्याला नवी, खोटी चिठ्ठी बांधण्यात आली. हे संशोधन १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मात्र त्याचा उपयोग त्याआधीच झाला होता. मांडवीची नोंद बनावट असल्याचे लक्षात आल्यामुळे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आपला शोध अस्सल नमुन्यांच्या ठिकाणांवर केंद्रित केला. पूर्वेकडील जुन्या ठिकाणी त्यांच्या हाती काही लागले नाही. मग ते डेव्हिडसन यांच्या खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. पुढे मेळघाट, तोरणमाळ, यावल, मध्य प्रदेशातील खंडव्याचा परिसर, आणि ठाणे जिल्ह्यातील तानसा अशा ठिकाणी तो सापडत गेला.

आता आपल्या दोन सहकाऱ्यांकडे पुन्हा पाहा. डेव्हिडसन यांच्या नेमक्या चिठ्ठ्या नसत्या तर शहाद्याला कोणी गेलेच नसते, तेव्हा पहिल्यांचे म्हणणे बरोबर. मांडवीची चिठ्ठी खोटी होती, तेव्हा दुसऱ्यांचेही बरोबर. पण ‘सगळ्या जुन्या नोंदी घ्या’ हा नियम लावला असता तर शोध मांडवीभोवती घुटमळत राहिला असता, आणि ‘सगळ्या वगळा’ हा नियम लावला असता तर शहादा नकाशावरच आले नसते.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या ‘पन्नास वर्षांत कोणी पाहिला नाही’ या वाक्याशी संबंधित आहे. रानपिंगळा दिवसा हिंडणारा पक्षी आहे, तो उघड्या फांदीवर बसतो, आणि तरीही शतकाहून अधिक काळ तो नोंदला गेला नाही. त्याचे एक कारण म्हणजे आपला नेहमीचा ठिपकेवाला पिंगळा वरवर पाहता त्याच्यासारखाच दिसतो, आणि पुस्तकांतील चित्रे मोजक्या नमुन्यांवरून काढलेली असल्यामुळे नेमके काय पाहायचे हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. १९९७ च्या चमूने जाण्यापूर्वी जुने नमुने हातात घेऊन अभ्यासले होते. डोक्यावर ठिपके जवळजवळ नसणे, शेपटीवरचे रुंद पांढरे पट्टे, दणकट पंजे अशी ओळख त्यांच्या मनात पक्की होती. म्हणून आपल्याकडे पक्षी ‘दिसला नाही’ असे म्हणण्यापूर्वी तो कोणी, कोणत्या ऋतूत, कोणत्या अधिवासात आणि कोणती खूण मनात धरून शोधला, हे स्वतःला विचारा. बहुतेक वेळा उत्तर असे येते की तो कोणी शोधलाच नव्हता.

आता आपल्या नमुन्यावरील ‘खानदेश’ या एका शब्दाकडे येतो, कारण माझ्या मते आपली खरी अडचण तिथेच आहे. हा शब्द दिसायला सोपा असला तरी सालागणिक त्याचा अर्थ बदलतो. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा वेगळा झाला तेव्हा मालेगाव-बागलाणकडचा मुलूख खानदेशातून त्यात गेला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेश म्हणजे पुढचा जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे पुढचा धुळे. त्या धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. म्हणजे नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा सापडला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते आणि आठ महिन्यांत ते नंदुरबारमध्ये गेले. इतक्या अलीकडच्या नोंदीतही जिल्ह्याचे नाव बदलते, मग १८८० च्या चिठ्ठीवरील ‘खानदेश’ नवापूरच्या डोंगरातले आहे, अक्राणीतले आहे की थेट मुक्ताईनगरच्या बाजूचे, हे त्या एका शब्दावरून सांगता येणार नाही. अशी नोंद आपल्या तालुक्याच्या यादीत घेणे म्हणजे चिठ्ठी जे सांगत नाही ते तिच्या तोंडी घालणे होय.

यात संगणकीय नोंदींनी एक नवा घोटाळा आणला आहे. ठिकाणाचे फक्त ढोबळ नाव असले तरी नकाशावर ठिपका द्यावाच लागतो, म्हणून पुष्कळदा त्या प्रदेशाचा मध्यबिंदू किंवा जिल्ह्याचे मुख्य ठाणे घेतले जाते. मग पाहणाऱ्याला वाटते की पक्षी नेमका त्या गावी मिळाला. आपल्या नमुन्याचा ठिपका आपल्या तालुक्यात पडत असेल तर तो तसा का पडला, हे आधी तपासा. मी सुरुवातीच्या काळात अशाच एका ठिपक्यावर विसंबून एक नोंद एका जिल्ह्याच्या यादीत टाकली होती. नंतर मूळ चिठ्ठीचे छायाचित्र आले तेव्हा कळले की त्याच नावाचे दुसरे गाव शंभराहून अधिक मैलांवर आहे आणि पक्षी तिथला आहे. ती दुरुस्ती करायला मला दोन वर्षे लागली, कारण तोवर माझ्या यादीवरून इतर दोघांनी ती नोंद उचलली होती. एकाच नावाच्या गावांचा हा प्रश्न आपल्याकडे फार आहे. नुसते ‘मांडवी’ म्हटले तर तापीकाठचे, कच्छमधले की मुंबईतले?

माणसांच्या नावांचेही तेच. खानदेशातील जेम्स डेव्हिडसन आणि ह्यूम यांच्यासाठी नमुने गोळा करणारे विल्यम डेव्हिसन ही दोन वेगळी माणसे आहेत. दुसऱ्यांनी प्रामुख्याने ब्रह्मदेशातील तेनासरीम, मलाया अशा भागांत काम केले आणि ते पुढे सिंगापूरच्या संग्रहालयात गेले. इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराचा फरक, आणि दोघांचेही लेखन ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये. नोंदवह्या उतरवून घेणाऱ्या कारकुनाने एखादे अक्षर गाळले तर खानदेशातला पक्षी ब्रह्मदेशात जातो. आपल्या नमुन्यावर संग्राहकाचे नाव काय आहे आणि ते चिठ्ठीवर कसे लिहिले आहे, हे म्हणून पाहायला हवे.

शिवाय संग्राहकाचे नाव चिठ्ठीवर असले तरी बंदूक त्याच्याच हातात असेल असे नाही. पुष्कळ अधिकाऱ्यांकडे पगारी शिकारी आणि कातडी सोलणारे असत. पक्षी दहा-बारा मैलांवरून आणला जाई आणि चिठ्ठीवर त्या दिवशीच्या मुक्कामाचे नाव पडे. ज्यांनी पक्षी हेरला, मारला आणि टिकवला त्यांची नावे बहुतेक ठिकाणी लिहिलीच गेली नाहीत. ही गोष्ट मला आजही सलते, कारण नेमके ठिकाण त्यांनाच ठाऊक होते. काही पक्षी तर रानातून आलेलेच नव्हते. गुलाबी डोक्याची बदके कलकत्त्याच्या बाजारात विकायला येत आणि तिथून संग्रहात जात. हिमालयीन लाव्याचे वर्णन १८४६ मध्ये लॉर्ड डर्बी यांच्या खासगी पक्षिशाळेतून आलेल्या नमुन्यांवरून झाले, आणि त्यांचे ठिकाण म्हणून फक्त ‘भारत’ एवढेच लिहिले गेले. तो लावा रानात नेमका कुठे राहतो हे पुढे मसुरी आणि नैनितालच्या नोंदींवरून कळले, आणि त्याची शेवटची खात्रीलायक नोंद १८७६ ची आहे.

यादीतील नावाविषयीही थोडे सांगतो. १८८० च्या यादीत जे शास्त्रीय नाव आहे ते आजच्या पुस्तकात शोधले तर बहुधा सापडणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच पक्ष्याला लागलेले सापडेल. त्या काळी माळढोकाला युपोडोटिस एडवर्डसी म्हणत, आणि तणमोराच्या जातिनामात ‘ऑरिटा’ हा शब्द असे. यावर एक चांगला उपाय आहे. टी. सी. जेरडन यांनी १८६२ ते १८६४ या काळात भारतातील पक्ष्यांवर जो ग्रंथ लिहिला त्यात प्रत्येक जातीला क्रमांक दिला होता, आणि ‘स्ट्रे फेदर्स’मधील बहुतेक याद्या तेच क्रमांक वापरतात. नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. आपल्या यादीत नावाच्या आधी एखादा आकडा असेल तर तो अनुक्रमांक समजून सोडून देऊ नका, तो जेरडन यांचा क्रमांक असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्यावरून कोणती जात अभिप्रेत होती हे नक्की करता येते. नुसते ‘फ्लोरिकन’ असे इंग्रजी नाव असेल तर दख्खन-खानदेशात त्याचा अर्थ तणमोर असाच घ्यावा, कारण बंगालकडचा मोठा फ्लोरिकन आपल्याकडे नव्हताच.

आता पक्षी ओळखायला सोपा की अवघड, या मुद्द्याकडे वळतो. इथे दोन टोकांची उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण जेरडनच्या धाविक पक्ष्याचे. छातीवर दोन ठळक पट्टे असलेला हा पक्षी दुसऱ्या कशाशी घोटाळ्यात पडणे अवघड आहे. विल्यम ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञाने १८६७ ते १८७१ च्या दरम्यान गोदावरीच्या खोऱ्यात, सिरोंचा आणि भद्राचलम परिसरात, तो नोंदवला. त्यातील सिरोंचाची नोंद आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील आहे. पक्षी ओळखू येणारा, निरीक्षक प्राण्यांचा जाणकार, आणि ठिकाण बरेचसे नेमके. १९०० नंतर हा पक्षी नाहीसा झाला असेच मानले जात होते. जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या भारत भूषण यांना आंध्रातील कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा मिळाला, आणि त्यातही ऐतन्ना नावाच्या स्थानिक पारध्याचा वाटा मोठा होता. गडचिरोलीची यादी मी करत असतो तर हा पक्षी ऐतिहासिक नोंद म्हणून निःसंकोच घेतला असता, आणि आज तो तिथे दिसत नाही हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले असते.

दुसरे उदाहरण मोठ्या चोचीच्या बोरू वटवट्याचे. ह्यूम यांनी १३ नोव्हेंबर १८६७ रोजी सतलजच्या खोऱ्यात, रामपूरजवळ, हा एकच पक्षी मिळवला. बोरू वटवटे एकमेकांसारखेच तपकिरी, आणि फरक पिसांच्या लांबीत मिलिमीटरने मोजावा लागतो. त्यामुळे हा एखाद्या ओळखीच्या जातीचाच वेगळा दिसणारा पक्षी असावा, अशी शंका वर्षानुवर्षे घेतली गेली. २००२ मध्ये त्या जुन्या नमुन्याच्या डीएनएवरून ती स्वतंत्र जात असल्याचे ठरले, मार्च २००६ मध्ये थायलंडमध्ये फिलिप राउंड यांच्या जाळ्यात जिवंत पक्षी सापडला, आणि त्यानंतर १८६९ मध्ये मिळवलेला एक दुर्लक्षित नमुना इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयात दुसऱ्याच जातीच्या नावाखाली पडून असलेला मिळाला. पुढे अफगाणिस्तानातील वाखान पट्ट्यात त्यांची वीणही आढळली. आता समजा, ह्यूम यांनी तो पक्षी मारला नसता आणि नुसते ‘पाहिला’ असे लिहिले असते, तर ती नोंद आज कोणीही मानली नसती, आणि न मानणारे योग्यच ठरले असते. नमुना उरला म्हणून १३५ वर्षांनी त्याला प्रश्न विचारता आला.

यावरून आपल्या बाबतीत असे म्हणता येईल. आपला पक्षी माळढोकासारखा निःसंशय ओळखू येणारा असेल तर यादीतील नुसत्या नावालाही बरेच वजन आहे. तो वटवट्या, पिपिट, चंडोल किंवा शिकारी पक्ष्यांच्या अवघड गटांतला असेल तर यादीतील नावाला एकट्याने फारसे वजन नाही, आणि सगळा भार त्या नमुन्यावर पडतो. अशा वेळी नमुन्याची ओळख एखाद्या जाणकाराने अलीकडे पुन्हा तपासली आहे का, हा पहिला प्रश्न. संगणकीय नोंदीतील नाव कित्येकदा शंभर वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवरून जसेच्या तसे उतरवलेले असते. केवळ नमुना आहे म्हणून ओळख बरोबर आहे असे समजू नका, आणि नमुना म्हणजे कातडीच हवी असेही नाही. जेरडनच्या धाविकाचे जगातील एकमेव ज्ञात अंडे स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात मिळाले. ते १९१७ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरातून गेलेले होते, आणि डीएनएवरून त्याची खात्री पटली. तिथेही ते लक्षात आणून देणारे ॲलन नॉक्सच होते. ज्या माणसाने बनावट नमुने उघडे पाडण्यात पुढाकार घेतला त्यालाच विसरलेला अस्सल नमुना सापडावा, हे मला फार आनंदाचे वाटते. दोन्ही कामांना एकच सवय लागते, आणि ती म्हणजे चिठ्ठीवर आधीच विश्वास किंवा अविश्वास न ठेवता वस्तू पाहणे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. संबंधित संग्रहालयाच्या पक्षी-विभागाला पत्र लिहून चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि नोंदवहीतील त्या ओळीचे छायाचित्र मागवा. मला आजवर बहुतेक ठिकाणांहून उत्तरे मिळाली आहेत, जरी काही वेळा महिनोन्‌महिने थांबावे लागले. दुसरी बाजू आवर्जून मागा, कारण पुढे छापील चिठ्ठी आणि मागे संग्राहकाच्या हातची मूळ टिपणी असे पुष्कळदा असते, आणि गावाचे नाव मागेच सापडते. एका नमुन्याला दोन चिठ्ठ्या बांधलेल्या असतील तर दोन्ही पाहा आणि त्यांतील जुनी कोणती हे ठरवा. नोंदणी क्रमांकाने फसू नका. लंडनच्या संग्रहालयाच्या जुन्या क्रमांकात सुरुवातीचे आकडे हे नमुना संग्रहालयात दाखल झाल्याचे साल, महिना आणि दिवस असतात, पक्षी मिळाल्याची तारीख नसते. ह्यूम यांचा ऐंशी हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह १८८५ मध्ये सिमल्याहून लंडनला गेला, त्यामुळे १८८५ नंतरच्या सालांचे क्रमांक असलेले असंख्य नमुने प्रत्यक्षात त्याआधीच्या पंधरा-वीस वर्षांतले आहेत. तसेच नमुन्याबरोबरची मूळ टिपणे सापडली नाहीत म्हणून नमुन्यावर संशय घेऊ नका. खुद्द ह्यूम यांची कित्येक वर्षांची हस्तलिखिते त्यांच्या गैरहजेरीत घरातून गेली आणि रद्दीच्या भावाने विकली गेली.

एकीकडे हे चालू असताना आपल्या तालुक्यातील म्हाताऱ्या गुराख्यांशी, भिल्ल-पावरा वस्त्यांतील जाणत्या माणसांशी बोला, मात्र त्यांना पुस्तकातील चित्र दाखवून ‘हा पक्षी इथे होता का’ असे विचारू नका, कारण समोरच्याचे मन राखायला माणूस हो म्हणतो. त्यांना माहीत असलेल्या पक्ष्यांची नावे, आवाज आणि सवयी आधी सांगू द्या, आणि मग आपला पक्षी त्यात बसतो का ते पाहा. त्या पक्ष्याला लागणारा अधिवास आपल्या तालुक्यात १८८० मध्ये होता का, याचा अंदाज त्या काळच्या जिल्हा गॅझेटियरमधील जंगलांच्या आणि लागवडीच्या वर्णनांवरून बांधता येतो. असे पुरावे एकेकटे कच्चे असले तरी एकाच दिशेला बोट दाखवू लागले तर त्यांचे वजन वाढते. शोध घेताना ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना पुन्हापुन्हा बाहेर काढणे मात्र टाळा, विशेषतः विणीच्या दिवसांत. रानपिंगळ्यासारख्या मोजक्या जागी उरलेल्या पक्ष्याला तो त्रास परवडणारा नाही.

उत्तर येईपर्यंत यादी थांबवून ठेवण्याचे कारण नाही. मुख्य यादीत, म्हणजे आजच्या पाहणीवर आधारलेल्या भागात, हा पक्षी घेऊ नका. शेवटी ‘ऐतिहासिक नोंदी’ असा वेगळा भाग करा आणि तिथे त्या पक्ष्याचे नाव, मूळ यादीत लिहिलेले जुने नाव, संग्राहक, साल, चिठ्ठीवरील ठिकाण जसेच्या तसे, म्हणजे फक्त ‘खानदेश’, आणि नमुन्याचा क्रमांक द्या. त्यापुढे एका वाक्यात लिहा की नेमके ठिकाण अनिश्चित असल्याने ही नोंद या तालुक्यातील आहे असे म्हणता येत नाही, आणि नमुन्याची ओळख कोणी, कधी तपासली किंवा अद्याप तपासलेली नाही. चिठ्ठीच्या मागे आपल्या तालुक्यातल्या गावाचे नाव निघाले तर वाक्य बदला, आणि दुसरीकडचे निघाले तर ती ओळ काढून न टाकता तिथे दुरुस्ती लिहा, म्हणजे तीच संगणकीय नोंद पाहून पुढे कोणी तो पक्षी पुन्हा आपल्या तालुक्यात आणणार नाही. पक्ष्याचे नाव आणि नमुन्याचा क्रमांक कळवलात तर कोणत्या विभागाला काय विचारायचे, याचा मसुदा मी आपल्याला लिहून देईन.